मण्यांवरील पुराण

तापीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांची राजधानी, मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे आणि १६३१ साली मुमताजमहलने जेथे देह ठेवला ते स्थळ म्हणून इतिहासग्रंथांत नोंदले गेले आहे. परंतु राजे, सुभेदार आणि फौजा यांच्या या जमाखर्चाखेरीज त्या शहराचा आणखी एक इतिहास सांगता येईल, आणि तो म्हणजे भाविकांच्या बोटांखालून शतकानुशतके सरकत आलेल्या मण्यांचा. ज्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून नासिरखान फारुकीने या शहरास नाव दिले ते चिश्ती परंपरेतील सत्पुरुष होते. त्याच परंपरेतले शाह बाजन पुढे येथेच राहिले व येथेच निवर्तले. आणि सूफींच्या खानकाहांतून तसबीहीच्या मण्यांवर ईश्वराचे नामस्मरण चालत राहिले. दाऊदी बोहरा समाजाचा दर्गाह-ए-हकीमी, १७०८ साली नांदेडच्या वाटेवर गुरू गोविंदसिंग येथे थांबले त्याची आठवण जपणारा गुरुद्वारा, स्वामिनारायण संप्रदायाचे मंदिर आणि शेजारच्या मुक्ताईनगरास जाणाऱ्या वारकऱ्यांच्या गळ्यातील तुळशीमाळ, ही सर्व एकाच पंचक्रोशीत आहेत. येथील जामा मशिदीत तर फारुकी सुलतानाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवून घेतला आहे. ज्या शहराच्या दगडांना एका भाषेत बोलून समाधान झाले नाही, त्या शहरातील जपमाळाही एकाच धर्माच्या नसाव्यात, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

या मालिकेत कॅथलिक ख्रिस्ती जपमाळेची भर पडली ती मोगल छावणीच्या आश्रयाने. तिची घडण कशी आहे, ती कोठून आली, आणि नामस्मरणाच्या इतर साधनांहून तिचे वेगळेपण कशात आहे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

छावणीतले दोन जेझुइट

१६०० साली अकबर बादशहाने खानदेश घेण्यासाठी बुऱ्हाणपुरास मुक्काम केला आणि शहरापासून सुमारे ७ कोसांवर असलेल्या असीरगडास वेढा घातला. त्या वेळी त्याच्या लवाजम्यात दोन जेझुइट होते. त्यांपैकी पाद्री जेरोम झेवियर हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीच्या वंशातले विद्वान गृहस्थ असून १५९५ पासून ते मोगल दरबारी राहत होते. दुसरे ब्रदर बेंतो द गोइश यांचा जन्म अझोर्स बेटांतला. ते पूर्वी पोर्तुगीज फौजेत शिपाई होते. असीरगड तोफांवाचून पडेना, तेव्हा पोर्तुगीजांकडून तोफा मिळवण्यासाठी पाद्र्यांनी पत्र द्यावे अशी बादशहाने तजवीज मांडली. परंतु असे करणे आपल्या धर्माला धरून होणार नाही, असे सांगून झेवियर यांनी ते साफ नाकारले व काही काळ बादशहाचा रोष पत्करला. जानेवारी १६०१ मध्ये किल्ला हाती आला, तेव्हा त्याच्या तोफखान्यावर चाकरीस असलेले ७ पोर्तुगीज कैद झाले. झेवियर यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली आणि बादशहाने त्यांना पाद्र्यांच्या हवाली केले. त्याच वर्षी बादशहाचा वकील गोव्यास रवाना झाला, तेव्हा त्याच्या सोबतीस गोइश यांची नेमणूक झाली.

या दोघांच्या दर्जातला एक फरक आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. झेवियर हे दीक्षित धर्मगुरू असल्यामुळे स्तोत्रसंहितेतील स्तोत्रांचा लॅटिन नित्यपाठ ठरावीक प्रहरी म्हणणे त्यांच्यावर बंधनकारक होते. गोइश हे ब्रदर, म्हणजे संघाचे व्रतस्थ सदस्य, परंतु धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेले. त्यांच्यावर तो पाठ नव्हता. जेझुइट संघाच्या घटनेत अशा बंधुवर्गाच्या दैनिक प्रार्थनेसाठी मारियेच्या जपमाळेची सोय करून ठेवलेली आहे. हेच गोइश पुढे अब्दुल्ला ईसाई या नावाने आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात लाहोराहून काबूल आणि मध्य आशियातील वाळवंटे ओलांडत चीनच्या सरहद्दीवर पोहोचले आणि १६०७ साली सूचौ येथे मरण पावले. ज्या वाटेवर ग्रंथ बाळगणे कठीण, बाळगलाच तर उघडून वाचणे धोक्याचे, आणि मिस्सा करण्यास जवळ धर्मगुरू नाही, त्या वाटेवर एखादी प्रार्थना चालू ठेवायची तर ती मुखोद्गत व बोटांवर मोजता येण्याजोगी असावी लागते. पोथी आणि माळ या दोन उपासनांचा हा भेद बुऱ्हाणपूरच्या त्या एकाच तंबूत नांदत होता. आणि जपमाळेचा सारा उगमच या भेदात आहे.

स्तोत्रांच्या जागी मणी

युरोपातील मठांत स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे नेमाने म्हणण्याचा प्राचीन शिरस्ता होता. परंतु मठाची शेती करणारे, गुरे राखणारे आणि भटारखाना सांभाळणारे बंधू बहुधा निरक्षर असत, आणि मठाबाहेरचा शेतकरी तर लॅटिनपासून कितीतरी दूर होता. या मंडळींनी १५० स्तोत्रांऐवजी तितक्याच वेळा ख्रिस्ताने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हणावी, असा प्रघात मध्ययुगात पडला. आणि पुढे मारियेविषयीची भक्ती जसजशी वाढली तसतशी त्या जागी 'नमो मारिया' ही प्रार्थना येऊन तिच्याही १५० आवृत्त्या होऊ लागल्या. जपमाळ म्हणजे निरक्षरांचा स्तोत्रग्रंथ, हे तिचे मूळ स्वरूप होय.

एवढी मोठी संख्या मनात ठेवून म्हणायची तर ध्यान सगळे मोजणीतच अडकते, म्हणून मोजणीचे काम हातांकडे सोपवण्याची युक्ती निघाली. इजिप्तच्या वाळवंटात राहणारा पॉल नावाचा चौथ्या शतकातील एक तपस्वी दररोज ३०० प्रार्थना म्हणत असे. त्यासाठी तो ३०० खडे मांडीवर घेऊन बसे आणि प्रत्येक प्रार्थनेगणिक एकेक खडा खाली टाकीत असे, असे पॅलेडियस या लेखकाने नोंदवून ठेवले आहे. खड्यांची जागा पुढे दोऱ्यात ओवलेल्या मण्यांनी घेतली. इंग्लंडातील लेडी गोडायव्हा या उमराव स्त्रीने प्रार्थना मोजण्याची आपली रत्नमाळ मृत्युसमयी कॉव्हेंट्रीच्या मठातील मारियेच्या मूर्तीस अर्पण केली, असे बाराव्या शतकातील इतिहासकार विल्यम ऑफ माम्झबरी सांगतो. ख्रिस्ती लोकांनी माळ हाती धरली ती धर्मयुद्धांत मुसलमानांकडून उचलून, असे एक मत वारंवार मांडले जाते. परंतु गोडायव्हाचा मृत्यू पहिल्या धर्मयुद्धाच्या, म्हणजे १०९६ च्या, कितीतरी आधी झाला असल्यामुळे हे मत कालगणनेच्या कसोटीला उतरत नाही. तेराव्या शतकात तर पॅरिस शहरात माळ करणाऱ्या कारागिरांच्या स्वतंत्र श्रेणी होत्या, आणि हाड व शिंग, पोवळे व शिंपले, अंबर अशा मालानुसार त्यांचे वेगवेगळे नियम प्रोव्होस्ट एतिएन ब्वालो याने १२६८ च्या सुमारास लिहवून घेतले.

संत डॉमिनिक यांना तेराव्या शतकाच्या आरंभी खुद्द मारियेने दर्शन देऊन जपमाळ दिली, ही आख्यायिका चित्रांतून व प्रवचनांतून सर्वत्र पसरली आहे. ऐतिहासिक चिकित्सा मात्र तिला दुजोरा देत नाही. डॉमिनिक यांच्या समकालीन दस्तऐवजांत या घटनेचा मागमूस आढळत नाही, आणि ती प्रचारात आणली ती त्यांच्याच पंथातील आलाँ द ला रोश यांनी, सुमारे अडीचशे वर्षांनंतर. विसाव्या शतकाच्या आरंभी या आख्यायिकेची सविस्तर छाननी करणारे हर्बर्ट थर्स्टन हे स्वतः जेझुइट धर्मगुरू होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. माळ एका दिवशी एका हाती पडलेली नसून अनेक अनामिक हातांनी ती हळूहळू ओवली, हे कळल्याने तिची थोरवी उणावत नाही.

त्या ओवणीतला निर्णायक टाका पंधराव्या शतकात पडला. डॉमिनिक ऑफ प्रशिया या कार्थूसियन साधूने ५० 'नमो मारिया'ना येशूच्या चरित्रातील ५० प्रसंगांची छोटी वाक्ये जोडली. पुढे ती आटोपून १५ प्रसंगांवर आली आणि प्रत्येक प्रसंगाच्या वाट्यास १० मणी आले. येथपर्यंत जी माळ केवळ प्रार्थनांची संख्या मोजीत होती, ती येथून पुढे कथा सांगू लागली.

माळ म्हणण्याची रीत

आज सर्वत्र वापरात असलेली कॅथलिक जपमाळ ५९ मण्यांची असते. क्रूस हाती धरून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणावयाचा. मग एका सुट्या मण्यावर 'स्वर्गातील पित्या', पुढील तिहींवर श्रद्धा, आशा व प्रीती या सद्गुणांसाठी 'नमो मारिया', आणि नंतर पित्याचा, पुत्राचा व पवित्र आत्म्याचा गौरव गाणारी छोटी प्रार्थना. त्यानंतर मुख्य वर्तुळास आरंभ होतो. त्यात ५ दशके असून प्रत्येक दशकाच्या आधी एक प्रसंग उच्चारला जातो. मग एका वेगळ्या मण्यावर 'स्वर्गातील पित्या', १० मण्यांवर १० 'नमो मारिया', आणि शेवटी गौरव. वर्तुळ पुरे झाले की मारियेस राणी म्हणून वंदन करणाऱ्या प्रार्थनेने समाप्ती होते. मंडळी एकत्र बसली असतील तर अर्धी प्रार्थना एकाने म्हणावयाची व उरलेली अर्धी इतरांनी, असा रिवाज आहे; त्यामुळे घरातील पोरसवदा मुलालाही एखादे दशक 'चालवण्याचा' मान मिळतो.

'नमो मारिया'चा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातून घेतलेला आहे: गाब्रिएल दूताने मारियेस केलेले अभिवादन आणि तिची नातलग एलिझाबेथ हिने तिला दिलेला धन्यवाद, या दोहोंची ती जोड आहे. आम्हा पाप्यांसाठी आता व मरणसमयी विनंती कर, अशा आशयाचा उत्तरार्ध त्यामानाने अर्वाचीन असून पाचव्या पायस पोपने १५६८ साली प्रसृत केलेल्या प्रार्थनाग्रंथात तो कायम झाला. दूताने मारियेस दिलेला संदेश कुराणातही आला असून तेथे तिच्या नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. तेव्हा आनंदाच्या रहस्यांतील पहिला प्रसंग बुऱ्हाणपूरच्या मुसलमान रहिवाशास सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही.

प्रसंगांना 'रहस्ये' अशी संज्ञा आहे. आनंदाच्या रहस्यांत दूताचा संदेश, एलिझाबेथची भेट, येशूचा जन्म, मंदिरातील समर्पण आणि हरवलेला बालक मंदिरात सापडणे हे प्रसंग येतात. दुःखाच्या रहस्यांत गेथशेमनी बागेतील व्याकुळता, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणे आणि क्रूसावरील मरण. गौरवाच्या रहस्यांत पुनरुत्थान, स्वर्गारोहण, पवित्र आत्म्याचे आगमन, मारियेचे स्वर्गात उन्नयन व तिचा मुकुटाभिषेक. येशूचे बालपण संपताच कथा एकदम त्याच्या मरणाशी येऊन ठेपत असे. मधल्या सार्वजनिक जीवनाची ही उणीव दुसऱ्या जॉन पॉल पोपनी १६ ऑक्टोबर २००२ च्या पत्रात यार्देन नदीतील बाप्तिस्म्यापासून अखेरच्या भोजनापर्यंतची ५ प्रकाशाची रहस्ये सुचवून भरून काढली. सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची, असा आता आठवड्याचा क्रम आहे.

या रीतीचे मर्म असे की तीत तीन कामे एकाच वेळी चालतात: बोटे मोजतात, ओठ पाठ म्हणतात, आणि मन या दोन्हींतून मोकळे होऊन त्या दशकाचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा करते. 'नमो मारिया'चे शब्द येथे तंबोऱ्याच्या सुरासारखे असतात. त्या सुरावर जी चीज गायची ती म्हणजे प्रसंगाचे चिंतन. नामजपात नाम हेच लक्ष्य असते, नामावाचून दुसरीकडे चित्त जाऊ नये असा साधकाचा प्रयत्न असतो. ख्रिस्ती जपमाळेत मात्र चित्ताने कथेत जावे अशीच अपेक्षा असते. म्हणून तिला जपाबरोबरच मण्यांवरचे पुराणश्रवण म्हटले तरी चालेल.

लढाई, गोवा आणि निमाड

या शांत उपासनेला जगभर प्रतिष्ठा मिळाली ती एका नौकायुद्धामुळे, हे सांगितल्यावाचून तिचा इतिहास प्रामाणिक होणार नाही. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या आखातात ख्रिस्ती राष्ट्रांच्या आरमाराने उस्मानी तुर्कांचा पराभव केला. पाचव्या पायस पोपनी त्या विजयाचे श्रेय मारियेच्या कृपेस व जपमाळेच्या प्रार्थनेस दिले, आणि तेव्हापासून तिचा सण ऑक्टोबरात पाळला जाऊ लागला. तेराव्या लिओ पोपनी १८८३ च्या आज्ञापत्रान्वये तो सबंध महिनाच जपमाळेस वाहिला. शत्रूच्या पराभवासाठी मागितलेली प्रार्थना आणि शत्रूलाही क्षमा करणाऱ्याच्या मरणाचे ध्यान एकाच माळेत असावे, हा विरोध धर्मेतिहासात एकटा नाही. तो झाकून ठेवण्यापेक्षा पाहून घेणे बरे.

आपल्या किनाऱ्यावर ही माळ पोर्तुगीज अमलाबरोबर आली आणि गोव्यात 'तेर्स', वसई-उत्तनकडे 'रोझरी' वा 'जपमाळ' अशा नावांनी घरोघर रुजली. झेवियर मोगल दरबारी फारसीतून 'मिरआत-उल-कुद्स' हे ख्रिस्तचरित्र सिद्ध करीत होते त्याच सुमारास गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स मराठी ओवीत तीच कथा गुंफीत होते. सुमारे ११ हजार ओव्यांचे त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. पूर्वीच्या पुराणांची गोडी लागलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्याच धाटणीची कथा द्यावी, हा त्या ग्रंथामागचा हेतू होता. विस्तृत पुराण देवळात ऐकावे आणि त्याचा संक्षेप रात्री घरी मण्यांवर आठवावा, अशी ही परस्परपूरक व्यवस्था होती. पुराणास वाचक लागे, माळेस तोही लागत नसे.

वाचक, धर्मगुरू आणि देऊळ यांपैकी काहीच उपलब्ध नसताना माळ किती तग धरते याची साक्ष इतर देशांनीही दिली आहे. आयर्लंडात कॅथलिक उपासनेवर सरकारी निर्बंध होते त्या काळी एका दशकाची, टोकाला अंगठी असलेली आखूड माळ लोक वापरीत. ती मुठीत वा बाहीत सहज दडत असे. जपानात अडीच शतके छळ सोसून गुप्तपणे टिकून राहिलेले ख्रिस्ती मार्च १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या देवळात आले, तेव्हा त्यांनी पाद्र्यास आधी विचारले ते मारियेची मूर्ती कोठे आहे हेच.

बुऱ्हाणपूरच्या प्रदेशात जेझुइटांचा मुक्काम फौजेबरोबर आला आणि फौजेबरोबरच हलला. पुढे १८७० साली मुंबई-जबलपूर रेल्वेमार्ग पुरा झाला, बुऱ्हाणपूरचे स्टेशन लालबागेत उभे राहिले, आणि भुसावळसारख्या जंक्शनांच्या वसाहतींत गोव्याकडचे व अँग्लो-इंडियन कॅथलिक नोकरदार राहू लागले. ज्या वाटेने एके काळी सुरतेहून आग्र्यास जाणाऱ्या काफिल्यांबरोबर पाद्री जात, तिच्या आसपासच आता इंजिनांबरोबर माळ आली. १९७७ साली खांडवा येथे स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि बुऱ्हाणपूर आज त्याच्या कक्षेत मोडते. या निमाड प्रदेशातील हिंदी भाषक कॅथलिक या उपासनेस 'माला विनती' म्हणतात.

नागझिरीचा आक्षेप

बुऱ्हाणपुरातच नागझिरी येथे कबीरपंथाचे प्रसिद्ध पीठ असून तेथील पूरनसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात कबीराच्या 'बीजक' ग्रंथावर 'त्रिज्या' नावाची टीका लिहिली. माळ हातात फिरते, जीभ तोंडात फिरते आणि मन दाही दिशांना फिरते, मग याला स्मरण कसे म्हणावे, हा कबीराचा सवाल उत्तर हिंदुस्थानात लहान मुलांनाही ठाऊक आहे. माळ फिरवणाऱ्या इतक्या पंथांच्या शहरात हा सवाल करणारे पीठही असावे, हे त्या शहराचे भाग्यच होय. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरा, जिच्यात रेव्हरंड ना. वा. टिळक होऊन गेले, ती देखील या माळेस आपल्या उपासनेत स्थान देत नाही. मारियेकडे मध्यस्थी मागणे तिला मान्य नाही, आणि प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका ही ख्रिस्ताची आज्ञा ती पुढे करते.

या आक्षेपाचे गांभीर्य कॅथलिक धर्मपीठाने नाकारलेले नाही. सहाव्या पॉल पोपनी १९७४ सालच्या आपल्या पत्रात चिंतनावाचून म्हटलेली जपमाळ म्हणजे आत्म्यावाचून शरीर, असा स्पष्ट निर्वाळा देऊन ती यांत्रिक पुनरुक्ती होण्याचा धोका स्वतःहून दाखवला. रोगाचे निदान कबीर आणि पोप यांनी एकच केले. भेद आहे तो उपचारात. कबीर माळ टाकून मनाचा मणी फिरवण्यास सांगतात. कॅथलिक परंपरेने माळ ठेवली आणि मनाला हिंडण्यासाठी एक कथा दिली, म्हणजे ते हिंडले तरी गालीलापासून यरुशलेमेपर्यंतच्या वाटेवरच हिंडावे. इतकेही करून मन भरकटलेच, तर बोटाखालचा मणी आपण कोठे होतो ते सांगतो आणि पुढच्या दशकाचा प्रसंग त्याला परत बोलावतो. म्हणजे अवधान सुटणार हे गृहीत धरूनच या उपासनेची रचना झालेली आहे.

कबीराचा उपचार श्रेष्ठ खरा, पण तो ज्याला पेलेल त्यानेच घ्यावा असा आहे. दिवसभर राबून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला रात्रीच्या पंधरा-वीस मिनिटांत आपल्या धर्माची कथा क्रमाने आठवता यावी आणि ती आठवताना घरातील पोरांसोरांनाही सामील करून घेता यावे, या गरजेस माळेइतके स्वस्त व टिकाऊ साधन सापडलेले नाही. मठातील निरक्षर बंधूंसाठी जी सोय निघाली, तीच पुढे पोथी वाचू शकणाऱ्या पोपांनीही स्वतःसाठी पत्करली. उपासनेच्या इतिहासात विद्वानांनी अडाण्यांचे अनुकरण केल्याची अशी उदाहरणे विरळाच.